हरिचंद्र झोपले नव्हते

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेते. हरिचंद्र. अंबरनाथला आमच्या बाजूच्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा, चर खोदणाऱ्या टोळीवरचा हरिचंद्र कोण, तर लगेच सांगेल, तो होय, कामावर झोपला होता तो, त्याच्यापायी बुधाजीचा पाय गेला. बारा-तेरा वर्षं मी हे ऐकलं आणि एकदाही कुणाचं तोंड धरलं नाही. मी म्हणजे गयाबाई! नळावर कुणी माझा हंडा मागे सरकवला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी.

झोपले नव्हते ते. काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण ते मी केलं.

त्र्याऐंशी साल असेल. कारखान्यांच्या रस्त्याला पाण्याच्या मोठ्या पाइपांसाठी चर खणायचं काम निघालं होतं. दिवसा त्या रस्त्यावर ट्रक, रिक्षा, पाळीला जाणाऱ्यांच्या सायकली, म्हणून खणायचं रात्री. रस्त्यावर दिवे होते म्हणाल तर खांब होते, दिवे नव्हते. खाली पुरुषभर खोल चरात पंधरा माणसं कुदळ मारायची आणि वरून जाणाऱ्या ड्रायव्हरला त्यांचं डोकंसुद्धा दिसायचं नाही. त्या माणसांना राखायचं काम हरिचंद्रांचं. सहा कंदील, प्रत्येकाच्या काचेला लाल फडकं, चराच्या दोन्ही टोकांना आणि मधे बांबूवर टांगायचे. मग उजाडेपर्यंत फेऱ्या मारायच्या, गाडी आली की हातातला कंदील हलवून तिला बाजूने काढायची.

तसं बघितलं तर हलकं काम. पण त्यांनी ते असं काही अंगावर घेतलं, की विचारू नका. मातीच्या ढिगावर चुना मारायचे, घमेल्यांना चुना, कुदळीच्या दांड्याला चुना. वर येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला पांढरं फडकं बांधायला लावायचे. बुधाजी बदलापूरकडच्या गावचा, अंगाने रेड्यासारखा आणि जिभेने चावट. तो म्हणायचा, "हरबा, मेल्यावर पांढरा गुंडालतीलच, आताशी कशाला?" पण बांधायचा. हरिचंद्र सांगायचे, "ड्रायव्हरला तू दिसलास तर वाचलास, नाही दिसलास तर तू तिथं नाहीसच." दोन पावसाळे काम चाललं, एकाला खरचटलं नव्हतं. त्याचा त्यांना केवढा अभिमान! बोलायचे नाहीत, पण सकाळी घरी आले की पायरीवर बसून आधी मोजायचे, "पंधरा गेले, पंधरा आले," आणि मगच चूळ भरायचे.

ठेकेदाराच्या झोपडीतून सामान चोरीला जायचं, म्हणून मुकादम हिंदुरावाने कंदील आणि रॉकेलचा डबा आमच्याच खोलीत ठेवायला दिले होते. "तुझ्या घरात सोनं ठेवलं तरी चालेल, हरिचंद्र," असं म्हणाला होता तो. दुपारी हे राखेने काचा घासायचे, टाक्या भरायचे आणि दिवे लागेपर्यंत झोपायचे. म्हणजे झोपायचे ते असे, घरात, हक्काने.

आता माझं सांगते. मी भुशाच्या शेगडीवर रांधत होते. उल्हासनगरच्या फर्निचरवाल्यांकडून पोतंभर भुसा यायचा, चांगला ठासून भरला की तीन तास जळायचा. काही अडत नव्हतं. पण शेजारच्या खोलीतल्या सरस्वतीने पंपाचा स्टो आणला. पहाटे भिंतीपलीकडून त्याचा भर्रर्र आवाज यायचा आणि वर ती नळावर चारचौघींत म्हणायची, "गयाबाईची शेगडी धुपेपर्यंत आमचा दुसरा चहा होतो." माझी नुसती आग आग व्हायची. शेवटी उल्हासनगरच्या कॅम्प एकला गेले आणि पितळी स्टो घेऊन आले. दुकानातला सिंधी साईं म्हणाला, "बाई, आवाज सुनो इसका, चार घर छोड के सुनाई देगा." तेच तर मला हवं होतं.

रेशनचं रॉकेल बारा दिवसांत संपलं. स्टो गप्प बसला असता तर सरस्वतीने नळावर विचारलंच असतं. डब्याला हात लावायची सोय नव्हती, त्यावर ह्यांनी खिळ्याने खुणा केलेल्या. मग दुपारी हे झोपले की मी भरलेल्या कंदिलांतून काढायला लागले. एकेका कंदिलातून एकेक वाटी. ठेकेदाराचं तर आहे, असं मनाला सांगितलं. पोर उपाशी होतं म्हणून केलं असतं तर आज ताठ मानेने सांगितलं असतं. तसं नव्हतं. घरात भुसा होता, शेगडी होती. मी केवळ आवाजासाठी चोरी केली.

पंधरा दिवसांनी हे कुरकुरायला लागले. "कंदील पहाटे चारलाच मान टाकायला लागलेत, भेसळीचं आलंय की काय?" मी म्हटलं, "असेल. हल्ली कशात भेसळ नाही?" बघा माझी जीभ! त्या दिवसापासून निघताना ते एकेक कंदील कानाशी धरून हलवून बघायला लागले. हलका लागला की पुन्हा भरायचा. असा डबा भराभर उतरला असता तर हिंदुरावाने विचारलं असतं, आणि माझं बिंग फुटलं असतं. म्हणून एका दुपारी मी दोन कंदिलांतलं बरंचसं रॉकेल काढलं आणि तेवढं पाणी ओतलं.

पाणी तळाला जातं आणि वात तळालाच टेकलेली असते, हे मला कळलं नाही असं मी म्हणू शकते. कोण विचारणार आहे? पण लहानपणापासून कंदील भरत आले मी. कळत होतं. एवढंच वाटलं, दोनच तर आहेत, चार आहेत की चांगले. संध्याकाळी ह्यांनी ते दोन्ही कानाशी धरून हलवले. डुचमळले. "छान," म्हणाले आणि गेले.

पुढचं मला नंतर एका ट्रकवाल्याकडून कळलं; चरातल्या माणसांना वरचं काही दिसलं नव्हतं, नुसती ह्यांची आरोळी ऐकू आली होती. रात्री अडीचच्या सुमाराला हे अलीकडच्या टोकाला त्याच्या ट्रकला वाट काढून देत होते. पलीकडे वळणावर ते दोन कंदील होते आणि तिथेच खाली चरात बुधाजी. एक तडतडून विझला, लगेच दुसरा. ह्यांनी ते बघितलं आणि हातातला कंदील घेऊन पळत सुटले, ओरडत, "बुधाजी, वर ये! वर ये!" वळणावरून टेम्पो आला. त्याला समोर काळोख दिसला, काळोखाला कोण ब्रेक मारतो? पुढचं चाक ढिगावर चढलं आणि ढीग, दगड, चाक सगळं चराच्या कडेसकट खाली बुधाजीच्या पायावर गेलं.

सकाळी हे आले तेव्हा मी स्टोला पंप मारत होते. पायरीवर बसले नाहीत, काही मोजलं नाही. ते दोन कंदील त्यांनी माझ्यासमोर परातीत उपडे केले. पाणी आलं, वर रॉकेलाचा पातळ तवंग. त्यांनी परातीकडे बघितलं, मग स्टोकडे. स्टो भर्रर्र चालला होता. मला तो बंद करायचंही सुचलं नाही. लाजेने माणूस मरत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी परात उचलली, मोरीत ओतली, धुतली. तेवढ्यात हिंदुराव दोघांना घेऊन दारात आला. त्याचे डोळे लाल झालेले. "हरिचंद्र, खरं सांग. डोळा लागला होता ना तुझा? दोन कंदील एकदम विझतात आणि तुला पत्ता नाही?"

खरं सांगायचं तर घराचं दार उघडायला लागलं असतं. बायको चोर, पोलीस, सगळी चाळ जमा. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. हाताला रॉकेलाचा वास येत होता म्हणून हात पदरात लपवले होते.

"हो," हरिचंद्र म्हणाले. "लागला डोळा."

हिंदुराव थुंकला आणि कंदील उचलून घेऊन गेला.

मी त्या रात्री म्हटलं, "अहो, मी..." ते म्हणाले, "जेवायला वाढ." बस. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. चार मुस्काटात मारल्या असत्या तर मी मोकळी झाले असते. सरकारी दवाखान्यात बुधाजीला बघायला गेले तेव्हा त्याच स्टोवर केलेलं पिठलं-भाकरी मी डब्यातून नेली होती, आणि तो म्हणाला, "वैनी, तुजे हाताला चव हाय गो." मी बाहेर येऊन जिन्यावर बसून रडले. पण आत जाऊन सांगितलं नाही.

त्यानंतर ह्यांना रात्रीचं काम कुणी दिलं नाही. राखणीचं तर नाहीच. उल्हासनगरला दुकानांचे तागे वाहिले, गोण्या वाहिल्या. लोक हसायचे, "हरबा, डोळे उघडे ठेव रे, ताग्यावर झोपशील." ते पण हसायचे. बुधाजीचा पाय गुडघ्यात कायमचा ताठ झाला, कुदळ सुटली, गावात भाजीचा वाफा करून राहिला.

माझा मुलगा मधु तेव्हा आठ वर्षांचा होता. अठराचा झाला तेव्हा कारखान्यात अप्रेंटिसला लागला आणि तिथे कुणीतरी त्याला 'झोपाळूचा पोरगा' म्हणालं. घरी येऊन बापावर कडाडला, "तुमच्यामुळे मला मान खाली घालायला लागते! एक रात्र जागता आलं नाही तुम्हाला?" हरिचंद्रांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं, की आता तरी. मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले. निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडले.

शहाण्णव साली गेले ते, चार दिवसांच्या तापात. तेव्हा घरात कुणी नव्हतं, आम्ही दोघंच. तेव्हाही मी माफी मागितली नाही, नुसते पाय चेपत बसले.

पुण्यानुमोदनाला खोलीत आणि बाहेर पडवीत माणसं मावत नव्हती. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग कुणाला चार शब्द बोलायचे असतील तर बोला, असं सांगितलं. मागून काठी वाजली. बुधाजी उठला. बायकोला, विठाला, घेऊन बदलापूरहून रिक्षाने आला होता. म्हणाला, "मी काय बोलनार? मानूस हाय, डोला लागतो कदी. मना त्याचा राग नाय. कवाच सोरला. आज सगल्यांचे म्होरं सांगतो, हरबाला मी माफ केला."

लोकांचे डोळे पाणावले. माझा मधु, चांगला एकवीस वर्षांचा बाप्या, उठला आणि वडिलांच्या वतीने बुधाजीच्या त्या ताठ पायावर डोकं ठेवून म्हणाला, "काका, माझ्या बापाला क्षमा करा."

विठा माझ्याशेजारी येऊन बसली. तिने माझा हात हातात घेतला, कुरवाळला आणि हळू आवाजात म्हणाली, "लय सोसलंस गो बाय. असल्या मानसाबरोबर संसार केलास."

मधु वळून माझ्याकडे बघत होता. मी पदर डोळ्यांना लावला आणि म्हटलं, "हो गं बाई. केला."