नलूचा आवाज ऐकायला: अमरावती ते चिखलदरा

नलूच्या डॉक्टरांनी सोमवारची वेळ दिली होती, म्हणून मी रविवारी संध्याकाळी पुण्याहून अमरावतीची स्लीपर बस धरली. नलू म्हणजे आमच्या रेगे बँडची गायिका. मी तिच्या मागे उभा राहून बास गिटार वाजवतो, हंगामात गोव्यात, एरवी तालमी पुण्यात, गेली चौदा वर्षं.

परतवाड्याजवळ झेंडू आणि भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी. कॉलेजात असताना कुणा मैत्रिणीच्या मोबाइलवर जमैकाचं हे रेगे संगीत ऐकलं आणि वेडी झाली. गोव्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी धरली, वर्षभरात त्याच हॉटेलच्या स्टेजवर गेली. दोनदा परदेशात गाऊन आली. गेल्या हंगामात आवाज बसला तो उठेचना. स्वरयंत्रावर गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि तीन महिने गाणं बंद.

मी नुसता भेटायला निघालो नव्हतो. हॉटेलवाल्याने नव्या हंगामासाठी दुसरी मुलगी पाहिली होती आणि मी तिच्याबरोबर दोन तालमी करून बसलो होतो. हे नलूला फोनवर सांगणं जमलं नाही.

सकाळी राजापेठेत उतरलो. क्लासला निघालेल्या मुलामुलींच्या स्कूटींमधून वाट काढत दवाखाना गाठला. नलू आणि तिचा मोठा भाऊ दिवाकरदादा बाहेरच बसले होते. तपासणी दहा मिनिटांत आटोपली.

"गाठ नाई," ती बाहेर येऊन म्हणाली. आवाज खालचा, जरा खरखरीत. "डॉक्टर म्हणते, हळूहळू गाय. मले भेव लागून राहिलं."

"घरी गाऊन पाहिलंस?"

"घरी नाई. आई दाराआडून आयकत बसते. चिखलदऱ्याले जाऊ. तिथं मले कोणी ओळखत नाई."

अमरावतीला आलात तर गिला वडा चुकवू नका. दह्यात भिजलेला, वर तिखट चटणी. दादाने मला दोन प्लेट खायला लावल्या. नलूने तिखटाकडे नुसतं पाहिलं. तिथून परतवाड्याला एसटीने दीड तास. मुक्काम तिच्या घरी, जेवायला भाकरी आणि वांग्याची भाजी. आईने मला एकच प्रश्न विचारला, "गाईन नं नलू?"

दुसऱ्या दिवशी दादाच्या पिकअपने घाट चढलो. दसऱ्याची फुलं तोडायची सोडून तो आला होता. रस्ता अरुंद, वळणं आंधळी. ऑक्टोबरातही सकाळी धुकं असतं, तेव्हा दहाच्या आधी गाडी काढू नका. वर पोहोचल्यावर तिथेच पिकणारी कॉफी प्यालो, दादाने रबडी खाल्ली. गर्दीचे पॉइंट सोडून आम्ही दरीकाठच्या एका मोकळ्या माळावर गेलो. मी साधी गिटार काढली.

नलूने आमचंच जुनं गाणं धरलं. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीच्या वरच्या सुरावर नुसती हवा आली. तिने पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा हवा. ती दरीकडे तोंड करून उभी राहिली.

"दोन सूर खाली घेऊ?" मी विचारलं.

तिने मान डोलावली. खालच्या पट्टीत आवाज जाड लागला, मधेच चरचरला, पण तुटला नाही. सगळं गाणं झालं. दादा तिचं रेगे समोर बसून पहिल्यांदाच ऐकत होता.

"हे गाणं लंगडत काहून चालते?" त्याने विचारलं.

नलू हसली. तिने त्याच्या गुडघ्यावर ठेका धरला. "आपण जिथं टाळी वाजवतो, तिथं गप राह्याचं. मंग वाजवायचं." दोन वेळा चुकून दादाला ते जमलं, आणि मग तो थांबेचना.

परतताना मी सांगून टाकलं. दुसरी मुलगी, तालमी, सगळं.

"मले माहीत हाय," नलू म्हणाली. "त्या पोरीनंच फोन केला होता, अमुक गाणं कोणत्या पट्टीत गाता म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी सांगतं, ते पाहून राहिली होती." घाट उतरून परतवाडा दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "हंगाम तिले करू दे. मी जानेवारीत येतो. जमलं तं तीन गाणे गाईन. नाई जमलं तं तसं सांगीन, तुह्यासारखं लपवणार नाई."

पुण्यात परतून आता आठवडा झाला. हॉटेलवाल्याला फोन करून हंगामाला होकार दिला. जानेवारीतली तीन गाणी मात्र नलूसाठी मागून घेतली, तो कुरकुरत का होईना हो म्हणाला. नवी मुलगी गुणी आहे, वेळेवर येते, वरचे सूर सहज लावते. तिच्याबरोबरची तालीम संपली की मी घरी बसून तीच गाणी दोन सूर खाली बसवतो. बोटं जुन्या जागी जातात, चुकतात.

काल नलूने मोबाइलवर रेकॉर्डिंग पाठवलं. तिसऱ्या कडव्यात आवाज फाटला, ती खोकली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी मागे तिची आई ठेका देत होती, सगळा चुकीच्या जागी. नलूने तिला थांबवलं नाही.