नाव झाकलेली काच

अक्का "सुंदर" हा शब्द एकाच गोष्टीला वापरत. साडी "बरी" असायची, जेवण "चालायचं"; पण घामाच्या ग्रंथीची एखादी दुर्मिळ गाठ सूक्ष्मदर्शकाखाली आली, की खुर्ची मागे सारून म्हणायच्या, "ये गं, बघ. किती सुंदर आहे." आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांत असंच बोलतात. बाहेरच्या माणसाला ते निर्दय वाटेल.

बंगळूरच्या त्या रुग्णालयात अक्का विभागप्रमुख होत्या आणि मी बेळगावहून आलेली नवखी. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कन्नड सहज मिसळलेलं. घामाच्या ग्रंथींच्या गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात, एखादीच उलटून कर्करोगाची होते. ती आधी कशी ओळखायची, या एका प्रश्नावर अक्कांनी उमेदीची सगळी वर्षं घातली. नातेवाइकांना यात संशोधन करण्यासारखं काय आहे, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शिकवताना त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचेवरचं रुग्णाचं नाव कागदाच्या पट्टीनं झाकत. आपलं निदान बरोबर आलं, की म्हणत, "रोग सांगितलास. सरी, ठीक आहे. आता माणूस सांग." मग वॉर्डात जाऊन रुग्णाशी बोलून यायचं. तो कुठला, काय काम करतो, गाठ कधीपासून आहे, हे सांगितल्याशिवाय सुटका नसे.

आनेकलचा एक कारखान्यातला कामगार तळपायाची गाठ कुरूप समजून ब्लेडनं तासत राहिला होता. अक्का त्याच्यावर भयंकर चिडल्या. "इतके दिवस काय करत होतास, अण्णा? कुरूप बरं होत नसेल तर दाखवायला नको?" परत येताना जिन्यात त्या स्वतःच लंगडत होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "येलहंक्याहून बसमध्ये उभं राहून यायचं म्हणजे टाच दुखणारच. स्वल्प कुरूप आहे, दुसरं काय." साऱ्या जगाच्या गाठी ओळखणाऱ्या बाईनं स्वतःच्या टाचेला मेडिकलच्या दुकानातली पट्टी लावून कितीतरी महिने काढले. अजून त्याचा राग येतो मला.

पुढे एका दुपारी त्यांनी माझ्यापुढे एक झाकलेली काच ठेवली. मी पाहिलं आणि हरखले. "अक्का, किती सुंदर! घामाच्या ग्रंथीचाच कर्करोग आहे, आणि केवढा खोल गेलाय." पेशी कुठे कशा शिरल्यात, ते मी उत्साहानं सांगत सुटले. त्यांनी परीक्षा घेत असल्यासारखं मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"बरोबर. आता माणूस सांग."

"कुठल्या वॉर्डात आहे?"

"अजून वॉर्डात नाही," म्हणत त्यांनी चपलेतून पाय बाहेर काढला. टाचेला बँडेज होतं.

मला रडू आवरेना. त्या म्हणाल्या, "निदान चुकलं असतं तर रडायचं होतंस. डोळे पूस, काच भिजेल."

शस्त्रक्रिया झाली, पण रोग जांघेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचला होता. उगादीच्या आधीच अक्का गेल्या. शेवटच्या भेटीत एवढंच म्हणाल्या, "ती काच शिकवायच्या पेटीत ठेव. नाव झाकून."

मी ती दर वर्षी काढते. मुलं बघतात, निदान करतात आणि न चुकता म्हणतात, "मॅडम, किती सुंदर." मी त्यांना टोकत नाही. फक्त या एका काचेसाठी त्यांना वॉर्डात पाठवता येत नाही, म्हणून माणूस मीच सांगते. बाई येलहंक्याहून बसनं यायच्या. टाचेला कुरूप आहे, असं त्यांना वाटायचं.

तिथवर माझा आवाज नीट राहतो.