चाखून पाहिलेले रंग

रंगाच्या दुकानात त्यांना सगळे शेडमास्तरच म्हणत. खरं नाव कागदोपत्री तेवढं उरलं होतं. गिऱ्हाइकाने जुन्या पडद्याची चिंधी आणून दिली तरी मास्तर डब्यात दोन थेंब काळा, अर्धा थेंब पिवळा सोडून हुबेहूब तोच रंग काढून देत. रंग मिसळायचं यंत्र आलं, तरी मामला अडला की मालक हाक मारी ती मास्तरांनाच.

पण हा माणूस रंगाचा ठिपकासुद्धा घरी नेत नसे. सुट्टी झाली की दुकानामागच्या नळावर कोपरापर्यंत हात घासायचे, शर्ट बदलायचा, मगच घरची वाट धरायची. घरात पाण्याचा ग्लास कुणीही उचलला की आधी मास्तर त्याचा वास घेत. घरच्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं.

या सवयीमागच्या घटनेला तेहेतीस वर्षं झाली होती. एका सुट्टीच्या सकाळी मास्तर घराचं दार रंगवत होते. ब्रश बुडवायला टर्पेंटाइन हवं होतं, म्हणून हाताशी आला तो स्टीलचा ग्लास घेतला. शेजाऱ्याने हाक मारली तसे पाच मिनिटं बाहेर गेले. परत आले तेव्हा तीन वर्षांची धाकटी ठसकत होती आणि ग्लास रिकामा होता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच तिने जीव सोडला. बायकोने एका शब्दाने बोल लावला नाही. घरातले सगळे स्टीलचे ग्लास मात्र तिने देऊन टाकले. दोन वर्षांपूर्वी तीही गेली, तो विषय पोटात ठेवूनच.

मास्तरांना अजून आवाज येई. भर दुपारी, घरात कुणी नसताना, ओट्यावर ग्लास ठेवल्याचा. उठून पाहावं तर ओटा कोरडा.

यंदा नात बिट्टी तीन वर्षांची झाली. अंघोळीचं नाव काढलं की ती घर डोक्यावर घ्यायची. डोक्यावर पाणी पडलं की श्वास कोंडेपर्यंत रडायची. सूनबाई बालवाडीत शिकवायची. तिथे तिने अंघोळीच्या रंगांबद्दल ऐकलं: टबात बसून मुलांनी भिंतीच्या फरश्या रंगवायच्या, मग तांब्याभर पाण्याने सगळं धुऊन टाकायचं. घरात रंगाचा एवढा जाणकार असताना दुसऱ्या कुणाला कशाला सांगायचं, असं ती म्हणाली. बिट्टीची आत्या लहानपणी तापाने गेली, एवढंच तिला ठाऊक होतं. तीन दिवस त्यांनी गुडघ्याचं निमित्त काढलं. रविवारी सकाळी तिने सगळं सामान टेबलावर मांडलंच.

चार चमचे कॉर्नफ्लॉवर, तेवढाच लहान मुलांचा शाम्पू, चमचाभर कोमट पाणी. गुठळ्या मोडेपर्यंत ढवळून मास्तरांनी ते चार वाट्यांत ओतलं आणि खायचे रंग थेंबाथेंबाने सोडले. हात आपोआप चालत होता. जांभळा तर असा साधला की सूनबाई बघतच राहिली. मग त्यांनी प्रत्येक वाटीत बोट बुडवून चाखलं. ओठांवर फेस आला.

"बाबा, रंग अंघोळीचा आहे, नाश्त्याचा नाही," सूनबाई हसत म्हणाली. मास्तर हसले नाहीत.

बिट्टी टबात बसली आणि भिंतीवर आडव्यातिडव्या रेघोट्या मारू लागली. आईने डोक्यावर पाणी ओतलं तरी तिला पत्ता नव्हता. मास्तर दाराशी स्टुलावर बसले होते. एवढ्यात बिट्टीने हिरवं बोट तोंडात घातलं.

मास्तर कसे उठले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी तिचा जबडा धरला, तोंडात बोटं घातली, "थुंक, थुंक" म्हणत राहिले. आणि ज्या नावाने हाक मारत होते, ते बिट्टीचं नव्हतं. पोर किंचाळली. सूनबाईने तिला ओढून छातीशी धरलं.

मुलगा गॅलरीतून धावत आला. त्याने वडिलांना दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं, खाटेवर बसवलं आणि दार लोटलं.

"तिने माझ्याकडे पाणी मागितलं होतं, बाबा," तो म्हणाला. "तुमचा तो ग्लास मीच तिच्या हातात दिला."

तेव्हा तो सहा वर्षांचा होता.

"वास नाही आला तुला?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"सगळ्या घरालाच वास येत होता."

मास्तरांना त्या क्षणी हायसं वाटलं. तेहेतीस वर्षांचं ओझं कुणीतरी दुसऱ्या बाजूने उचलावं तसं. आणि लगेच स्वतःची इतकी शरम वाटली की मुलाच्या तोंडाकडे बघवेना.

"ग्लास तिथे मी ठेवला होता," ते अखेर म्हणाले. "तू पोर होतास."

मुलाने मान हलवली, पण ते त्याला पटलं की नाही, हे मास्तरांना कधीच समजलं नाही.

त्याच दिवशी मुलाने बायकोला सगळं सांगितलं. तिने मास्तरांना पुन्हा रंग करायला सांगितलं नाही. बिट्टी आठवडाभर आजोबांच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. पुढच्या रविवारी मास्तरांनीच वाट्या काढल्या.

आता दर रविवारी बिट्टी टबात असते आणि दाराशी दोन स्टुलं असतात. बापलेक एकमेकांकडे न बघता तिच्या हातांकडे बघत राहतात. मी आहे ना इथे, तुम्ही दोघं जाऊन चहा घ्या, असं सूनबाई दर वेळी म्हणते. दोघांपैकी कुणीही उठत नाही.