अंजनीबाईंच्या दारावरची पाटी

जबलपूरच्या मराठी घरात लेकीचं लग्न ठरलं, की रुखवतासाठी निरोप जायचा तो अंजनीबाईंकडे. साखरेचं तुळशीवृंदावन, चिरोट्यांची उतरंड, खोबऱ्याचा गणपती. नावं ठेवायला टपलेल्या वरपक्षाच्या बायकाही मांडवात बघत उभ्या राहायच्या. आणि त्याच घरातलं म्हातारं माणूस गेलं, की तेराव्याच्या स्वयंपाकालाही याच बाई. फक्त या दुसऱ्या कामाबद्दल चारचौघांत कोणी बोलत नसे. बोलावणारा मागच्या दारी येऊन हळूच सांगून जायचा.

बाईंच्या जिवाला आस एकच. आपल्या लेकीचं, जयाचं रुखवत असं मांडायचं, की गावभर नाव निघावं. त्यासाठी साखर ओतायच्या सागवानी साच्यांचा एक जोड त्यांनी जयाच्या बारशापासून जपला होता. दुसऱ्या कोणाच्या कामाला तो कधी काढला नाही.

जयाचं लग्न ठरलं त्याच हिवाळ्यात विद्यापीठाची मुलं छोट्या धंदेवाल्यांना वाट दाखवायला गल्लीत आली. बाईंच्या वाट्याला शरयू आली. राइट टाउनच्या जुन्या मराठी घरातली, मराठी बोलताना अडखळणारी. पोर मनाने चांगली होती, हे आधीच सांगितलेलं बरं.

"काकू, लग्नं तर थोडेच महिने असतात. दारावर बोर्ड लावा, त्यावर तेराव्याचं पण लिहा ना. लोकांना मालूम कसं पडेल?"

"काहून लिहायचं, पोरी? सर्वेच जाणतात."

"काम आहे काकू, चोरी थोडीच आहे?"

खरं म्हणजे बाई भुलल्या. जन्मात त्यांचं नाव कुठे रंगवलं गेलं नव्हतं. नवरा तुळशीराम नुसता म्हणाला, "पाहा बुवा." पाटी लागली. वर रुखवत, खाली तेराव्याचा स्वयंपाक, मधोमध अंजनीबाईंचं नाव. शरयूने हौसेने फोटो काढून मोबाइलवर सगळ्यांना पाठवला.

जे सगळ्यांना ठाऊक होतं, ते लिहिल्यावर लोकांना जणू आजच कळलं. लग्नाची ठरलेली कामं एकेक करून परत गेली. शरयू धावत आली, रडली, स्वतःच्या हाताने पाटी उतरवली. फोटो मात्र घरोघरी पोचला होता.

मग जयाच्या होणाऱ्या सासूबाईंचा, वसुधाबाईंचा फोन आला. "आमचं काही नाही हो. पण मामंजी म्हणतात, शुभकार्य आहे, रुखवत नागपूरहून मागवा."

"अच्छा," बाई म्हणाल्या. लोक असेच असतात. मेल्यावर ज्या हातचं गोड लागतं, तो हात जिवंतपणी नको.

लग्नात नागपूरचं रुखवत मांडलं गेलं. साचे घरी फडक्यात बांधलेलेच राहिले. त्या दिवशी बाई मांडवाच्या त्या कोपऱ्याकडे फिरकल्या नाहीत.

श्रावणात तेच मामंजी वारले. वसुधाबाईंचा पुन्हा फोन आला. "तेराव्याला तुम्हीच या. तुमच्या हाताची सर कोणाला नाही, आणि तुम्ही काय, घरच्याच."

लेकीच्या सासरी बाई तोवर गेल्या नव्हत्या. पहिल्यांदा गेल्या त्या मागच्या दाराने, झारा घेऊन. चुलीपाशी जया पाणी घेऊन आली.

"आई, नाही म्हणून टाकायचं होतं न."

"तुझ्या घरचं काम आहे, बाई. कसं नाही म्हणू?"

पंगत बसली. घरची सून म्हणून वाढायला जयाच उठली. आईच्या हातचं लेकीच्या सासरी पहिल्यांदा वाढलं गेलं, ते हे.