साडूभाऊंच्या जुन्या तारा

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. दिवसभर उंच इमारतींच्या गच्चीवरच्या कोंदट खोलीत मोटर आणि पोलादी दोर तपासत असतात, आणि घरी आले की हातपाय धुऊन बेस गिटार मांडीवर घेतात. बेस म्हणजे ती जाड चार तारांची गिटार. गाण्यात तिचा आवाज कुणाला वेगळा ऐकू येत नाही, पण ती थांबली की सगळ्यांना काहीतरी गेल्यासारखं वाटतं. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, नवरा गिटार वाजवतो म्हणजे गाणी म्हणून दाखवेल. कसलं काय. तेव्हापासून मी नुसतं धुम् धुम् ऐकतेय.

माणूस वाईट नाही हो. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. माझ्या शिलाई मशीनला न सांगता तेल घालतात. मी घरातच कपडे अल्टर करून देते, तर पँटींचा ढीग साचला की स्वतःहून उसवायला बसतात. पण एक खोड आहे. जळतात. आणि जगात एवढी माणसं असताना जळतात ते एकट्या साडूवर.

साडू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. तोही बेसवालाच. हा प्राणी आमच्या घरात आला तोच मुळी ह्यांच्याकडे केबल मागायला. त्या दिवशी धाकटी माझ्याकडे राहायला आली होती, तिनंच दार उघडलं. "केबल न्यायला आला आणि मेव्हणी घेऊन गेला," असं हे अजून म्हणतात. त्यात पुढचं वाक्यही असतं, "केबल काही परत आली नाही."

साडूभाऊ ड्रायव्हिंग शिकवतात. शिकाऊ माणसाशेजारी बसायचं, पाय जास्तीच्या ब्रेकवर ठेवायचा, आणि समोर ट्रक आला तरी "हं, आता सावकाश" म्हणायचं, असं काम. वाजवतातही तसंच. हे मात्र सगळं वेळेवर करणारे. दोराचा एक धागा सुटलेला दिसला तर अख्खी लिफ्ट बंद ठेवतील. तेच बेसचं. तारा जरा मळल्या की नव्या. वाजवून झालं की मऊ फडक्यानं एकेक तार पुसायची, मग बेस पेटीत. फडकंसुद्धा ठरलेलं. एकदा मी त्यानं आरसा पुसला तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघे आमच्या पुढच्या खोलीत बसतात. माझं मशीन तिथेच, त्यामुळे मला सगळं ऐकावं लागतं. ह्या अ‍ॅम्पचा आवाज पोटात लागतो, तो नुसता कानात लागतो. पाचवी तार हवी की नको. बोटानं वाजवावं की पत्तीनं. कुठल्या जुन्या गाण्यात बेसवाल्यानं अख्ख्या कडव्यात दोनच सूर लावलेत आणि तरी कसं रडू येतं. ह्या गाण्यावर दोघांचं एकमत आहे. ते लागलं की दोघेही खाली मान घालून बसतात, आणि मला वाटतं, आता तरी ह्यांचं सुरळीत होईल. गाणं संपतं आणि हे म्हणतात, "साडूभाऊ, त्या तारा बदला हो. मेल्यात त्या."

"असू दे, दादा. मला मेलेल्याच आवडतात," साडूभाऊ म्हणतात.

त्या तारा बेसबरोबरच आल्या होत्या. बेस जुनाच घेतलेला, आधीच्या मालकानंही त्या बदलल्या नसाव्यात. काळ्या पडलेल्या, बोट लावलं तर धुवावंसं वाटेल अशा. तारेच्या टोकाला कारखान्यातच रंगीत रेशमी दोरा गुंडाळलेला असतो. ह्यांच्या तारांना लाल. साडूभाऊंच्या तारांचा दोरा एके काळी हिरवा असावा, आता शेवाळासारखा झाला होता. दोऱ्यांकडे माझं लक्ष जातंच, धंदाच तो.

आणि आवाज? खरं सांगायचं तर फार छान. ह्यांचा बेस कसा, स्वच्छ, टणटणीत, प्रत्येक सूर आपली हजेरी लावून जातो. साडूभाऊंचा गादीवर उशी टाकावी तसा. लागतो, आणि लगेच गप्प बसतो. मी हे एकदा मोठ्यानं बोलून गेले. ह्यांनी त्या दिवशी आमटीत मीठ कमी आहे म्हणून ताट बाजूला सारलं. मीठ बरोबर होतं.

ह्या वर्षी सगळं चिघळलं ते मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे कीबोर्डवाले. त्यांचा वाद्यवृंद टाउन हॉलमध्ये दर आठवड्याला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करतो. त्यांचे बेसवाले आजोबा बोटं आखडली म्हणून थांबले आणि जागा रिकामी झाली. ह्या जागेवर आमच्या ह्यांचा कधीपासून डोळा. लग्नानंतर पहिल्यांदा मला त्या हॉलमध्ये नेलं तेव्हा गायिकेकडे बोट नाही दाखवलं. मागे अंधारात स्टुलावर बसलेल्या आजोबांकडे दाखवलं आणि म्हणाले, "मला तिथे बसायचंय." तर आता मास्तरांनी निरोप पाठवला. ह्यांना नाही. साडूभाऊंना. साडूभाऊंनीच सांगितलं, "आमच्या दादांनाही ऐका." म्हणून रविवारी दुपारी दोघांनाही बोलावलं.

"माझी शिफारस करतो," हे म्हणाले. "ह्यानं माझी शिफारस करायची." अंगाचा नुसता तिळपापड.

त्या आठवड्यात भांडी घासायचा माझा स्पंज अर्धाच राहिला. बघते तर उरलेला अर्धा ह्यांच्या बेसच्या तारांखाली खोचलेला, आवाज दबावा म्हणून. मग माझं हाताला लावायचं क्रीम संपलं. ते तारांना चोळलं होतं. एकदा चार जिने पळत चढून आले आणि घामेजल्या हातांनी तसेच वाजवायला बसले. नव्या कोऱ्या तारा ह्यांना जुन्या करायच्या होत्या, रविवारच्या आत. मी म्हटलं, "अहो, मग साडूभाऊंना विचारा ना, कसं करतात ते." तर म्हणाले, "त्याला काय कळतंय? आळशी आहे, म्हणून आवाज चांगला आहे."

शनिवारी सकाळी धाकटी आली. पाठीवर नवऱ्याचा बेस, हातात तारांचं नवं पाकीट. दुकानदाराला फोटो दाखवून तसल्याच गुळगुळीत तारा मागवल्या होत्या तिनं, भारीतल्या. "भाऊजी, तेवढ्या चढवून द्या ना," म्हणाली. "मास्तरांसमोर त्या काळ्याकुट्ट घेऊन जायचं म्हणजे मलाच कसंतरी होतं. तुम्ही नेहमी सांगता, ते काही ऐकत नाहीत. बेस तुमच्याकडे तपासायला नेते एवढंच त्यांना सांगितलंय, तारांचं सांगू नका. उद्या हॉलवरच त्यांच्या हातात देऊ."

मी मशीन थांबवलं. बेसवाल्यांच्या घरात एवढी वर्षं काढलेल्या बाईला कळतं, उद्या वाजवायचं असेल तर आज तारा बदलायच्या नसतात. नव्या तारा टणटणतात, आणि साडूभाऊंचा सगळा आवाज तर त्या जुन्या तारांतच. धाकटीला कळत नव्हतं, कारण तिचा नवरा घरी कशाबद्दलच कुरकुर करत नाही. ह्यांना कळत होतं. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. आधी कान लाल झाले, मग हे अगदी गोड आवाजात म्हणाले, "ठेव. करतो."

ती गेल्यावर मी म्हटलं, "हे तुम्ही करणार नाही आहात."

"तिनंच सांगितलंय."

"तिला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"आयुष्यभर मी त्याला हेच सांगत आलोय ना? तारा बदल म्हणून? मग आज मी खोटा कसा?" हे म्हणाले. माणूस जळत असला की वकिलासारखा बोलतो.

साडूभाऊंच्या जुन्या तारा ह्यांनी उतरवल्या, इतक्या हळुवारपणे की मी कधी नवजात मूलही तसं उचलल्याचं पाहिलं नाही. नव्या चढवल्या, सुरात लावल्या, पुसल्या. मग जुन्या टाकून देतील असं मला वाटलं. तर त्या घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला. गादीवर उशी. दार ढकलून बघते तर ह्यांच्या बेसवर शेवाळी दोऱ्याच्या तारा, आणि हे डोळे मिटून तेच दोन सुरांचं कडवं वाजवतायत. मला रागानं काहीतरी म्हणायचं होतं. पण आवाज इतका सुंदर होता की मी दारातच उभी राहिले. हाच आवाज ह्यांच्या हातून ऐकायला मीही वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी हॉलच्या दाराशी धाकटीनं मोठ्या कौतुकानं पिशवीची चेन उघडली. साडूभाऊंनी चकाकत्या तारा पाहिल्या. क्षणभर त्यांचा तो ब्रेकवरचा पाय दाबला गेला असावा. मग म्हणाले, "वा. तू आणल्यास?" आणि जरा थांबून, "जुन्या कुठायत?"

"भाऊजींनी टाकल्या. टाकायच्याच लायकीच्या होत्या म्हणे," धाकटी म्हणाली.

आधी साडूभाऊ वाजवायला बसले. टण, टण, टण. स्वयंपाकघरात नवी भांडी लागावीत तसं. सवय नसल्यानं बोटंही दोनदा घसरली. मास्तर कीबोर्डवरून मान वळवून बघायला लागले. मग आमचे हे बसले. पहिल्याच सुराला ड्रमवाल्यानं मान डोलावली. गाणं संपलं तेव्हा मास्तर म्हणाले, "काय बसलाय आवाज तुमचा. ह्याच आवाजासाठी तर मी ह्यांना बोलावलं होतं," आणि साडूभाऊंकडे बोट केलं. "पुढच्या आठवड्यापासून या."

मी साडूभाऊंकडे बघत होते. ते पहिल्या रांगेत बसले होते, आणि ह्यांच्या बेसच्या टोकाशी जिथे तारा खुंट्यांना गुंडाळतात, तिथे त्यांची नजर खिळली होती. शेवाळी दोरा. त्यांनी बघितला, मग ह्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग धाकटीकडे. ती बिचारी रुमालानं डोळे टिपत होती, नवऱ्याची जागा गेली म्हणून. 

बाहेर पायऱ्यांवर साडूभाऊ ह्यांच्याजवळ आले. मी शेजारीच होते. म्हणाले, "दादा, फार छान वाजवलंत. त्या तारा राहू देत तुमच्याकडे. फक्त पुसू नका."

तेवढंच. जाताना माझ्याकडे बघून "येतो, ताई" म्हणाले, नेहमीसारखे.

 घरी कुलूप उघडताना हे म्हणाले, "भांडला असता तर बरं झालं असतं. आता ह्याच्या मोठेपणावरही जळायचं का मी?" मी म्हटलं, "जळा. दुसरं काय येतंय तुम्हाला?" तर नेहमीसारखे उसळले नाहीत. नुसते खाली बसून बुटाची नाडी सोडत राहिले, सुटली होती तरी.

आता हे दर आठवड्याला त्या स्टुलावर बसतात. अंधारात, आजोबांच्या जागी. मी जाते बघायला. वाजवून झालं की हात सवयीनं खिशातल्या फडक्याकडे जातो आणि तसाच परत येतो. लिफ्टचा दोर जरा झिजला की बदलणारा हा माणूस ह्या चार तारांना जिवापाड जपतो. सुरात लावतानासुद्धा खुंटी अशी फिरवतो की जणू कुणी झोपलंय. तुटली तर दुसरी आणायची कुठून? पहिल्या रांगेत साडूभाऊ डोळे मिटून ऐकत असतात, आणि हे वाजवता वाजवता त्यांच्याकडेच बघत असतात.

गेल्या सुट्टीला साडूभाऊ बेस घेऊन आले, बरोबर धाकटीही. मधल्या काळात येणं जरा कमीच झालं होतं. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, कुणाकडे कुठला अ‍ॅम्प आलाय ते झालं. मग त्यांनी बेस मांडीवर घेतला आणि ते दोन सुरांचं कडवं वाजवलं. धाकटीच्या तारा आता काळवंडल्या होत्या. आणि आवाज तोच. गादीवर उशी. बहुतेक पूर्वीपेक्षाही मऊ.

हे ऐकत बसले.  शेवटी घसा साफ करून, छताकडे बघत म्हणाले, "साडूभाऊ, ह्या तारा तुम्ही कधी बदलणार?"

साडूभाऊ हसले. त्यांना कळलं ह्यांच्या मनात काय आहे ते, मलाही कळलं. पण ते चिडले नाहीत. तारांवर आडवा हात ठेवून म्हणाले, "ह्या नाही हं, दादा. ह्या हिनं माझ्यासाठी आणल्यात."

धाकटी लाजून दुसरीकडे बघायला लागली. आणि आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांच्यासाठी मी कधी एक तारही आणली नव्हती. मी सुईत दोरा ओवत होते. बराच वेळ ओवत होते, पण तो काही आत जाईना.