भंडाऱ्यानं माखलेली चार पिल्लं

अणदूरच्या खंडोबाच्या देवळासमोर धुरपदामावशींचं भंडारा-खोबऱ्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लाकडी पाट, त्यावर हळदीचा ढीग, बाजूला खोबऱ्याच्या वाट्या आणि वर जुन्या साडीचं छत. देव नळदुर्गाला मुक्कामाला जातो तेव्हा मावशीही सगळं उचलून त्याच्या मागोमाग जातात.

"नवरा व्हता तवर त्येच्या मागं हिंडले, आता ह्येच्या," त्या सांगतात. "ह्यो निदान च्या मागत न्हाय."

मावशी माणसांशी मऊ बोलत नाहीत. मऊ बोलतात फक्त कुत्र्यांशी. कुत्रं खंडोबाचं, म्हणून गावात त्याला सहसा कुणी दगड मारत नाही. पण रोज भाकरी कुस्करून घालतात त्या मावशीच. त्यातली भुरी दुकानामागंच विते. गेल्या हिवाळ्यात तिची सगळी पिल्लं रक्ताच्या हगवणीनं गेली. पार्वो म्हणतात त्या रोगाला. मावशींनी ओव्याचं पाणी पाजलं, नवस बोलला, काही चाललं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी दुकान लावलं नव्हतं.

यंदा भुरीला चार पिल्लं झाली. चारही तपकिरी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. ती दोनेक महिन्यांची झाली तशा मावशी जनावरांच्या दवाखान्यात आल्या. मी तिथं नवीच लागले होते.

"डाक्टरीणबाई, पल्याडच्या गल्लीत एक पिल्लू रक्त हगून मेलं. माझ्यांना काय टोचायचं ते टोचा."

"मावशी, मी डॉक्टर नाही. पशुधन पर्यवेक्षक आहे."

"सुई हाय न्हवं हातात? मग झालं."

आमच्याकडं ती लस नव्हती. डॉक्टरांना विचारून सोलापूरहून चार डोस मागवले आणि शनिवारी बर्फाचा डबा घेऊन गेले. दोन पिल्लं हाती लागली, केकाटली, टोचून झाली. उरलेली दोन भुरीमागं कुठं गेली होती कोण जाणे. अंधार पडला तरी सापडली नाहीत. म्हटलं, उद्या येते. पण टोचलेली ओळखायची कशी? खुणेचा मार्कर मी दवाखान्यातच विसरले होते.

"त्यात काय," म्हणत मावशींनी चिमूटभर भंडारा घेतला आणि दोघांच्या कपाळाला फासला. "पिवळं ते टोचल्यालं, तपकिरी ते राहिल्यालं."

मला ही युक्ती इतकी आवडली की मी फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी रविवार, खंडोबाचा वार. मी पोचले तेव्हा देवळासमोर भंडाऱ्याचा धुरळा उडत होता. देवाला वाहून उरलेला भंडारा माणसं देवाच्या कुत्र्यांना लावत होती. भुरी पिवळी होती. चारही पिल्लं शेपटीपर्यंत पिवळी होती. आणि तो सगळा भंडारा मावशींनीच विकला होता.

"मावशी, आज रविवार."

"म्या बी आत्ता त्येच बघतीया."

"आता कसं?"

"चौघांना बी टोचा."

"डोस दोनच आहेत. नवे यायला आठवडा लागेल."

एखाद्याला पुन्हा टोचलं तर त्याचं काही बिघडलं नसतं, पण दुसरं एखादं लसीवाचून राहिलं असतं. आणि पल्याडच्या गल्लीतून रोगाला इथवर यायला आठवडा पुष्कळ. गिऱ्हाईक भंडारा मागत होतं. समोर ढीग असताना मावशी म्हणाल्या, "संपला."

मी पिल्लांच्या केसांत सुईची खूण शोधली. नुसती हळद निघाली.

"नावानं हाक मारून बघा ना. काल कोण होतं ते कळेल."

"नावं न्हाईत ठिवली. गेल्या साली ठिवली व्हती."

मी डबा खाली ठेवून झाकण उघडलं. टक्क झालं, आणि दोन पिल्लं सूं करून पाटाखाली शिरली. तिसरं बर्फ चाटायला आलं. चौथं आपलं खोबरं चघळत बसलेलं.

मावशी सावध झाल्या. "झाकण लावा. परत उघडा."

उघडलं. पाटाखालून बारीक कुईकुई आली. खोबरंवाल्यानं कानसुद्धा हलवला नाही.

"सुई इसरंल ते कुत्रं न्हाय," मावशी म्हणाल्या. "आमचं मालक बी दवाखान्याच्या दारातनं असंच पळायचं. ह्या भाईर राहिल्याल्या दोघांना टोचा."

टोचलं. या वेळी खुणेसाठी मावशींनी सून वैष्णवीची लाल नेलपेंट आणून चौघांच्या नखांना लावली.

काही आठवड्यांनी दुसरा डोस होता. आता मी लांबून दिसले तरी चौघं गायब. शेवटी मावशींनी मला त्यांच्या जागी बसवलं, डोक्यावर त्यांच्या जुन्या साडीचा धडपा टाकला आणि भंडारा विकायला लावला. खोबऱ्याच्या वासानं एकेक बाहेर आलं. मावशी धरायच्या, मी दोन गिऱ्हाइकांच्या मधे टोचायचे.

चौथं केकाटून पाटाखाली पळालं तेव्हा मावशी खाली बसल्या.

"आता ठिवते नावं," त्या म्हणाल्या. "ह्यो खोबऱ्या. ही बर्फी. ती ठकी."

"आणि पाटाखालचं?"

"त्येला आमच्या मालकाचं."

"पण मावशी, तुम्ही तर नवऱ्याचं नाव घेत नाही. हाक कशी मारणार?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पाटाखाली वाकून म्हणाल्या, "अवं, येताय न्हवं जेवायला?"

लाल नखं हळूच बाहेर आली.