भंगलेल्या आसनाचे विसर्जन

सर्वभूतांचे रक्षण करणाऱ्या श्रीनारायणाला वंदन करून, माझी भाची वसुधा हिच्या पहिल्या मासिक श्राद्धानिमित्त हे चार शब्द लिहितो. ती गेल्याची वार्ता मला लीड्सच्या घरी नातू सलीलच्या फोनवरून कळली. "आजोबा, वसूआत्या गेली," तो म्हणाला.

वसुधा प्रयोगशाळेत हेल्मेट आणि मुलांच्या कारसीट तपासून प्रमाणित करीत असे. हेल्मेट उंचावरून पोलादी ऐरणीवर आपटायचे, आतल्या धातूच्या मस्तकाला बसलेला हिसका मोजायचा, आणि कसोटीस न उतरल्यास मान्यता नाकारायची. हे काम तिने व्रतासारखे केले. उत्पादकांनी कितीही विनवले तरी ती बधत नसे.

चार वर्षांपूर्वी सलीलच्या कन्येला, ईराला, इस्पितळातून घरी आणायचे होते. नवजात बाळाला पहिले अंगडे दुसऱ्या घरच्या सुदृढ मुलाचे घालावे, ही आपली रीत. त्याच भावनेने, आमच्या मंडळींतील तीन मुले जिच्यात वाढली ती कारसीट मी मागून आणली आणि तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले.

"मामा, ही कधी अपघातात सापडली होती का?" वसुधाने विचारले.

"मागून एक गाडी धडकली होती म्हणे. मुलाला ओरखडाही नाही. म्हणून तर आणली."

तिने कापड उचलले. आतल्या पांढऱ्या फोमला केसाएवढी भेग होती. "एक धक्का खाल्लेला फोम दुसरा झेलत नाही," ती म्हणाली.

"आत्या, टेन मिनिट्सचा तर ड्राइव्ह आहे," सलील कुरकुरला. "मी एकदम स्लो नेतो."

"तू नेशील रे. मागून येणाऱ्या गाडीचं काय?"

ती नवी सीट आणायला गेली. बाळ-बाळंतीण वॉर्डात दोन तास ताटकळली. परतल्यावर इस्पितळाच्या दारातच, पुन्हा कोणी वापरू नये म्हणून, तिने जुन्या सीटचे पट्टे कात्रीने कापले. मी संतापलो.

"वसू, कुंकू लावलंय त्यावर."

"भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना, मामा? हिने एका बाळाला सांभाळलं. आता विसर्जन."

आयुष्यभर मी धर्मशास्त्र शिकवले. त्या दारात ते भाचीकडून शिकलो.

गेल्या रविवारी सलील गाडी सुरू करणार, तोच मागून ईरा म्हणाली, "डॅडी, वेट. चिमटा राहिला." खांद्यावरचा पट्टा चिमटीत आला तर तो सैल, हे वसुधाने तिला शिकवले होते. तो चिमटीत आला. सलीलने उतरून पट्टा आवळला. ईराने पुन्हा चिमटा काढून पाहिला... "वसूआजी म्हणाली असती, ओके." मगच गाडी निघाली.

वाचकहो, आपल्या घरची लेकरे प्रत्येक प्रवासातून सुखरूप परतोत, आणि प्रेमापोटी 'नाही' म्हणणारे एक माणूस आपल्या कुळात सदैव नांदो.